मागच्या बोळातली वांगी

दिग्रसला आमच्या चार घरांच्या मागे एक सामाईक बोळ आहे. शेवटच्या घरातल्या बाईंचं नाव मला अजून माहीत नाही. सगळे त्यांना काकूच म्हणतात. नवरा गेल्यापासून त्या एकट्या राहतात. सकाळी उठल्या की खुरपं घेऊन मागे यायच्या. आधी दारापुरती वांगी होती, मग वाल आला, मग झेंडू. वाफ्याच्या विटांची कड त्या थोडी थोडी बोळात सरकवत राहिल्या, आणि जेमतेम एक माणूस जाईल एवढीच वाट उरली. शेजारी कुरकुरायला लागले. मी विचारलं, "काकू, आणखी किती पुढे येणार?"

हातातली वीट खाली न ठेवता त्या म्हणाल्या, "घरात बसलं का भिंती अंगावर येतेत, बाई. मले थांबताच येत नाही."

एका दुपारी शेजारच्या आजोबांना चक्कर आली. त्यांच्या खोलीचं दार बोळातच उघडतं. त्यांना खाटेवर घालून रिक्षाकडे नेताना खाट वाटेत अडकली. कोणी काही बोलायच्या आत काकू दोन्ही हातांनी वांगी उपटायला लागल्या. विटा त्यांनी पायाने ढकलल्या. खाट निघाली.

आजोबा बरे होऊन परतले. "लाव ना पोरी परत, फक्त वाट ठेव," ते स्वतः म्हणाले. काकूंनी मान डोलावली, पण खुरपं हातात घेतलं नाही. आता संध्याकाळी त्या मोकळ्या बोळात या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत राहतात. भांडी घासताना मला त्यांच्या चपला ऐकू येतात, आणि त्या घरात जाईपर्यंत माझंही कशात लक्ष लागत नाही.