येऊ का माय?

हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. अंदमानातल्या एका लहानशा बेटावर मी नामदेवभाऊंची ओळख नाकारली.

अमडापूरला ते आमचे शेजारी. गावातल्या निम्म्या पोरांना विहिरीत पोहायला त्यांनीच शिकवलं, मलाही. कमरेला वाळलेला भोपळा, पोटाखाली त्यांचा हात. पाण्यात उतरण्याआधी ते वाकून बोटं बुडवत, कपाळाला लावत आणि मोठ्यानं विचारत, "येऊ का माय?" कोणी हसलं तर म्हणत, "कोनाच्याबी घरात जातानी इचारा लागते बे."

सत्तरीला टेकल्यावर त्यांना समुद्राचा तळ पाहायचा होता. "इहिरीचा तं पाहून झाला." मी बुलढाण्यात कारकून. प्रवासाची रजा मिळाली, बायकोला विमानाची भीती, म्हणून भाऊंना घेऊन गेलो. डॉक्टरांचा दाखला त्यांनी घडी घालून बंडीच्या खिशात जपला होता.

बुडी मारण्याआधी सरावाला तिथल्या प्रशिक्षकानं आम्हाला कमरेएवढ्या पाण्यात उभं केलं. सोबत पुण्याचं एक जोडपं होतं. त्यांच्याशी मी सकाळपासून जपून, शुद्ध बोलत होतो. पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीवर भाऊ आले, वाकले. "येऊ का माय?" जोडपं हसलं. भाऊंचं लक्ष माझ्याकडे. "काऊन बे, भेव लागून राह्यलं का तुले? मी आहो ना!"

जोडप्यातल्या बाईंनी मला विचारलं, "तुमच्याबरोबर आहेत का हे?"

"छे हो. जेट्टीवर भेटले."

भाऊ दोन हातांवर होते.

थोड्या वेळानं माझ्या डोळ्यांवरच्या काचेच्या मुखवट्यात पाणी शिरलं. गडबडलो, पाय सुटले. तोच पोटाखाली तो जुना हात आला. त्यांनी मला उभं केलं, पाठ थोपटायला हात उचलला, आणि तसाच खाली घेतला.

"काका, ओळखता का यांना?" बाईंनी विचारलं.

"नाही. हे साहेब मला जेट्टीवर भेटले."

मला. त्यांच्या तोंडी 'मले'शिवाय दुसरं मी कधी ऐकलं नव्हतं.

तळ त्यांनी पाहिला. कसा होता, ते मला सांगितलं नाही. गावी परतल्यावरही मी गेलो की म्हणत, "या, बसा. तुम्हाला चहा चालेल ना?" रागाचा लवलेश नाही. त्या 'तुम्हाला'पुढे मी चहा पिऊन, माफी न मागताच उठायचो.

गेल्या वर्षी भाऊ गेले.

'हे आमचे नामदेवभाऊ. मले पोहणं यांनीच शिकवलं.' चारचौघांत, त्यांच्यादेखत म्हणायची ही दोन वाक्यं मी त्यांना देणं लागतो.