वेरूळच्या अलीकडे गेलेले हेडलाइट

"कन्नडला कुणी सहलीला जातं का?" आमच्या मुकुंदवाडीतल्या शेजारणीने विचारलं. सहल नव्हतीच ती, परीक्षा होती. कन्नडच्या एका शाळेत मला भूगोल शिकवायची नोकरी मिळत होती आणि हो की नाही ते दुसऱ्या दिवशी कळवायचं होतं. रोज गाडीने जाऊन-येऊन करायचं, तर दुसरीतल्या सईला संध्याकाळी सासूबाईंनी सांभाळायला हवं. त्यांचं म्हणणं एकच. "आधी मला रस्ता दाव. मग बोलू."

म्हणून सईला जावेकडे सोडून आम्ही तिघं निघालो. स्टिअरिंगवर मी, शेजारी नवरा नितीन आणि मागच्या सीटवर परीक्षक, म्हणजे सासूबाई. मी त्यांना आईच म्हणते. निघण्याआधी आईंनी गाडीची पूजा केली, नारळ फोडला आणि पुढे तारेत ओवलेला झेंडूचा हार बांधला.

तुम्ही या बाजूला येणार असाल तर सकाळी लवकर निघा. दौलताबादच्या वेशीतून गाड्या एकेक करून जातात, उशीर झाला की तिथेच ताटकळायचं. सध्या रस्त्याकडेला सीताफळांच्या पाट्या लागल्यात. भाव आधी दुप्पटच सांगतात, लाजू नका, घासाघीस करा. आम्हीही डझनभर घेतली. खुलताबादचा घाट उतरलं की वेरूळ. लेणी मंगळवारी बंद असतात आणि आम्ही नेमके मंगळवारी निघालो होतो. आईंना घृष्णेश्वराचं दर्शन मात्र निवांत झालं. पुढे कन्नडपर्यंत रस्ता मोठा आणि सरळ, फक्त बाजूने अचानक येणाऱ्या ट्रॅक्टरांवर लक्ष ठेवायचं.

शाळा सुटायच्या वेळी मुख्याध्यापकांना भेटून मी बाहेर आले, तर शाळेच्या फाटकाशी एक शेळी आमच्या गाडीचा हार खात होती. अर्धा संपलाच होता. नितीन तिला हुसकावत होता आणि आई त्याच्यावर ओरडत होत्या.

"ऱ्हायलेला हार नीट बांध, नित्या! घरी जाईस्तोवर खाली पडू द्यायचा न्हाय."

नितीनने बोनेट उघडलं, हाराची तार आत कुठेतरी अडकवली, काहीतरी पिळलं आणि बोनेट लावलं. बसस्टँडजवळ गरम मिरची भजी खाऊन, चहा पिऊन आम्ही परतीला लागलो.

वेरूळ जवळ आलं तसा उजेड कमी झाला. मी हेडलाइटचं बटण फिरवलं. काहीच नाही. परत फिरवलं. अप्पर दिला, डिप्पर दिला. नाही. मी गाडी डावीकडे एका ढाब्याच्या आवारात घेतली आणि चारही इंडिकेटर लावले. तर इंडिकेटरच्या तालावर हेडलाइट मिणमिणायला लागले! जे लावलं ते लागत नाही आणि जे लावलंच नाही ते लागतंय. माझं डोकंच चालेना. आरशात मागे पाहिलं, तर आई खिडकीबाहेर बघत बसलेल्या. झालं, गेली नोकरी, असं मनात आलं.

ढाब्यावर सल्ल्यांना तोटा नव्हता. तिथे चहाला थांबलेले एक जीपवाले म्हणाले, "दोन्ही एकदम गेले म्हणजी फ्यूजच." नितीनने मोबाइलवर कसलासा व्हिडिओ लावला. त्यातला माणूस वेगळ्याच गाडीचा फ्यूज दाखवत होता. आमचा फ्यूज शाबूत निघाला. शेजारीच बॅटरी-वायरिंगचं दुकान होतं. तिथले रफिकभाई आले. त्यांनी दिव्यांचा करंट चालू-बंद करणारा रिले बदलून पाहिला, काही फरक नाही. दोन्ही बल्ब काढून थेट बॅटरीला लावले, तर लख्ख पेटले. परत जागेवर बसवले, तर अंधार.

"अजीब गाडी है मॅडम," ते डोकं खाजवत म्हणाले. "बल्ब सही, फ्यूज सही, करंट भी आरा. फिर जलते कायकू नै?"

"तुमालाच कळंना, तर आमी काय करावं?" आई मागून म्हणाल्या.

"अम्मा, गाडी इधरिच छोड देव. कल फुरसत में पूरी वायरिंग देखता."

उद्या! म्हणजे आज एसटी शोधायची, तीही आईंना घेऊन, आणि घरी जाऊन कुठल्या तोंडाने नोकरीचं विचारायचं? तेवढ्यात रफिकभाईंच्या बाहीत हाराची तार अडकली. त्यांनी वैतागून हिसका दिला. हेडलाइट पेटले आणि विझले.

त्यांनी पुन्हा तार ओढली. पेटले. सोडली. विझले.

"अर्थिंग!" रफिकभाई आत वाकले. दिव्यांचा करंट बॉडीतून बॅटरीकडे परत नेणाऱ्या अर्थिंगच्या वायरचा नट ढिला करून त्याच्याखाली हाराची तार घुसवलेली होती. "ये कौन करा?"

नितीन सीताफळं मोजायला लागला.

तार काढून नट कसला आणि पुढचा रस्ता स्वच्छ दिसायला लागला. तुमचेही दोन्ही दिवे एकदम गेले, तर फ्यूज आणि रिलेनंतर अर्थिंग जरूर बघा. दिवे नसतील, तर गाडी पुढे दामटू नका. घाटात मी सावकाश चालवत होते. आई घरापर्यंत एक अक्षर बोलल्या नाहीत. रागावल्यात, घाबरल्यात की थकल्यात, मला काही उमगेना. विचारायची हिंमतही होईना.

घरी पोहोचल्यावर मी कुकर लावला आणि मुख्याध्यापकांना नकार कसा कळवायचा, त्याची वाक्यं मनात जुळवत होते. बाहेरच्या खोलीत आई फोनवर बोलत होत्या, त्यांच्या भजनी मंडळातल्या मैत्रिणीशी. रोज संध्याकाळी मंदिरात जमतात त्या. आजचा दिवस सोडला, तर इतक्या वर्षांत पाऊस असो की ताप, आईंनी ते भजन कधी चुकवलेलं मला आठवत नाही.

"न्हाय गं, संध्याकाळचं आता जमायचं न्हाय. नातीपाशी थांबावं लागंल. व्हय, कन्नडला. रोज." मग जरा थांबून म्हणाल्या, "दिवे गेले तरी घाबरली न्हाय बघ. गाडी गपगुमान कडंला घेतली. आमचा नित्या नुसता हिकडं-तिकडं पळत होता."

घाबरले नव्हते? माझं तर डोकंच चालत नव्हतं! पण ते सांगायला मी बाहेर गेले नाही. आनंद झाला, आणि त्यांचं भजन सुटणार म्हणून वाईटही वाटलं. आतूनच विचारलं, "आई, भजन सकाळचं नाही का करता येणार?"

"त्ये माझं मी बघते," त्या म्हणाल्या. "तू आधी साहेबांला फोन लाव."