आर्डिसचा नियम

आमच्या दवाखान्यात आर्डिस लिंडक्विस्ट बावीस वर्षं नर्स आहे, आणि बावीस वर्षं तिने सगळ्यांच्या नाकात दम आणलाय. माझ्यासुद्धा, आणि मी तर नुसती काउंटरवर बसते! विस्कॉन्सिनच्या या एवढ्याशा गावात जनावरांचा मान्यताप्राप्त दवाखाना हा एकच. तपासणीची माणसं येतात तीन वर्षांतून एकदा, पण ही बया रोजच तपासणी असल्यासारखी वागते.

भूल दिलेल्या जनावराजवळ एकाने बसायचं आणि दुसरं काहीही करायचं नाही. दर पाच मिनिटांनी नाडी, श्वास, अंगाची ऊब कागदावर लिहायची. ऑपरेशन संपलं तरी जनावर आपण होऊन मान उचलेपर्यंत जागचं हलायचं नाही.

या तडाख्यात सापडला वेंडेल हाउगेन. पन्नाशीला गाई विकून नर्सिंग शिकलेला धिप्पाड गडी. पहिल्याच महिन्यात एक मांजर भुलीखाली असताना कुणीतरी ऑपरेशनच्या खोलीच्या काचेवर बाहेरून टकटक केली आणि याने वळून हात हलवला. मांजर ठणठणीत घरी गेलं. पण दोन वर्षं झाली तरी आर्डिसचं चालूच, "काय वेंडेल, आज कुणाला टाटा?"

गेल्या गुरुवारी तिच्याच टूट्सीचं ऑपरेशन निघालं. तेरा वर्षांची बीगल कुत्री, प्लीहेवर गाठ. नवरा गेल्यापासून आर्डिसला घरी बोलायला तेवढीच. आणि आपल्या जनावराच्या भुलीला आपण बसायचं नाही, हा नियमही बाईंनीच केलेला. पाळी होती वेंडेलची.

"मीच बसते," आर्डिस म्हणाली.

"बाहेर हो," वेंडेल म्हणाला. "नियम तुझाच आहे."

मला वाटलं, मेला आता हा! पण ती खरंच बाहेर आली.

दोन तास ती काचेला चिकटून उभी. मी दिलेली कॉफी तशीच गार झाली. शेवटी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "गाठ अख्खी निघाली, आर्डिस. आता शुद्धीवर येऊ दे," एवढं बोलून त्या पुढच्या पेशंटकडे गेल्या.

टूट्सी काही हलेना. आर्डिसला राहवेना. तिने काचेवर टकटक केली. वेंडेल वळला नाही. तिने जोरात थापा मारल्या. तरी नाही. एक हात टूट्सीच्या छातीवर, दुसऱ्यात पेन्सिल, आणि नजर तिच्या तोंडावर.

माझं डोकंच सणकलं. "दगड आहे मेला! नुसती मान डोलावली असती तर काय बिघडलं असतं?"

"गप्प बस गं," आर्डिस म्हणाली. ती रडत होती. "वळला असता ना, तर सोडलं नसतं मी त्याला."

तेवढ्यात आत टूट्सीने मान उचलली. धडपडली, पुन्हा उचलली. वेंडेलने घड्याळ बघून कागदावर वेळ लिहिली, पेन्सिल खिशात ठेवली. मग वळला, आणि काचेतून आर्डिसला चांगला मोठा टाटा केला.