इव्हानच्या शेवटच्या मॅचचं पान

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आणि तुम्हाला सांगायचं तर आधी घर सांगावं लागेल — नाहीतर ग्विन साहेब माझे कोण होते, ते कळायचं नाही.

वडील चिरेखाणीत. आई काजूच्या फॅक्टरीत. बिया सोलून बोटं काळी पडलेली, कुणी पाहुणा आला की ती हात पदराखाली घ्यायची. पावसाळ्यात खाण बंद, की घरात एकाच वेळची भाकरी. त्या घरातून मी बी.कॉम. झालो — आमच्यात पहिला. हे मी अजून मान वर करूनच सांगतो. आणि बी.कॉम. होऊन दुबईला आलो तो अल क्वोजमध्ये, ॲल्युमिनियमच्या खिडक्यांच्या वर्कशॉपमध्ये हेल्पर म्हणून.

ग्विन साहेब तिथले मॅनेजर. वेल्सचे, साठी ओलांडलेले. एकदा जेवणाच्या सुट्टीत त्यांनी विचारलं, वडील काय करतात? म्हटलं, दगड कापतात. ते म्हणाले, माझेही. त्यांच्या गावाला पाटीच्या दगडाची खाण होती. पुढच्या आठवड्यात मी ऑफिसात होतो. आज अबुधाबीत अल रीमला टॉवरमध्ये राहतो, मुलगी मला इंग्रजीत उत्तरं देते — ते सगळं त्या खुर्चीपासून सुरू झालं.

त्यांच्या गावात फुटबॉलचा एक छोटा क्लब. खाणीतल्या लोकांनी काढलेला. मैदान उतारावर, जोरात मारला की बॉल ओढ्यात. त्याचा इतिहास लिहून, छापून गावाला द्यायचा, एवढीच त्यांची इच्छा राहिली होती. "तू शिकलेला आहेस, तू लिही." ते बोलायचे, मी मोबाइलवर रेकॉर्ड करायचो. मला फुटबॉलमधलं काय कळतंय? आमच्याकडे कबड्डी. रूमवर पोरं हसायची — "काय ग्रॅज्युएट, गोऱ्याची पोथी झाली का लिहून?"

एका दुपारी ते मोठ्या भावाबद्दल बोलले. इव्हान. गोलकीपर. त्याची शेवटची मॅच. त्यानंतर थोड्याच दिवसांत तो खाणीतल्या अपघातात गेला. साहेब हे सगळं सांगत होते. मी काय करत होतो? "यस सर, यस सर" म्हणत एका ऑर्डरचा मेल टाइप करत होतो. रेकॉर्ड होतंय ना — मग ऐकायचं कशाला?

पुढे फोन भरला. गावाहून बहिणीच्या साखरपुड्याचे व्हिडिओ येत होते. मी जुनी रेकॉर्डिंग्ज पुसून जागा केली. त्यात इव्हान गेला.

परत विचारता आलं नसतं? साहेब समोरच्याच केबिनमध्ये बसायचे. सर, चुकलो, पुन्हा सांगा — एवढंच म्हणायचं होतं. पण शिकलेला म्हणून ज्यांनी खुर्ची दिली, त्यांच्यापुढे... नाही गेलो. मी लिहिलं. इव्हानच्या नावावर माझ्या बाळूकाकाची कबड्डीची फायनल लिहिली — मोडलेलं बोट, शर्ट फाडून बांधलेली चिंधी, आणि तसाच तो परत मैदानात. खेळ बदलला, बोट ठेवलं. नारळ फोडला तेवढं गाळलं.

साहेबांना तोवर विसरायला होऊ लागलं होतं — आणि हे मला माहीत होतं. पान वाचून त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, "हे बोटाचं मी विसरलोच होतो बघ. बरं झालं, तू जपून ठेवलंस." माझा हात हातात घेतला. मी म्हणालो, "थँक यू, सर."

ते गावी परतले, आणि वारले. त्यांच्या मुलीनं कळवलं, शेवटी शेवटी भेटायला येईल त्याला बोटाचीच गोष्ट सांगत होते. इव्हानला खेळताना पाहिलेलं आता कुणी उरलेलं नाही. माझ्या बापानंतर माझं इतकं कुणी केलं नाही. त्यांनी मला जे दिलं, त्यात खोटं काही नव्हतं.

पुस्तक छापलं गेलं. सीझनच्या पहिल्या मॅचआधी क्लबचा गोलकीपर ते पान सगळ्यांना वाचून दाखवतो. मुखपृष्ठावर साहेबांच्या नावाखाली माझं नाव आहे.