चाकावरची बैठक

आमच्या साखर कारखान्यात इंदापूरकडचा एक फिटर होता. वाफेने त्याचा एक कान भाजला होता, म्हणून तो मान तिरकी करून बोले. पाइप उघडण्याआधी तो वाफ बंद करी आणि व्हॉल्व्हचं चाकच काढून माझ्या खुर्चीवर ठेवी.

"बसा यावर, रावसाहेब. तुमी बसला की उठत न्हाय, समद्यांस्नी ठावं हाय."

घराण्यातला पहिला पदवीधर मी, मुकाट्याने बसे.

एकदा गाळप थांबलं. मोठे साहेब धावत आले. "चाक द्या, वाफ सोडायचीय!" फिटरचे हात अजून पाइपात होते. साहेबांपुढे मी कधी बसलो नव्हतो. पण भीतीने पाय असे लटपटले की उठताच येईना.

काम संपवून फिटर आला. आपले दोन्ही हात पाहत म्हणाला, "रावसाहेब, आता उठा."