दर वाचतानाचा चेहरा

माझ्या भाचीला तिच्या कचेरीत सगळे ‘भिंत’ म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तिला त्याचं काही वाटत नसे.

सरकारी रुग्णालयाच्या खरेदी शाखेत ती निविदा उघडायची. खाटा, चादरी, इमारतीची रंगरंगोटी, जे जे बाहेरून घ्यायचं त्यासाठी आलेले बंद लिफाफे एका लांब टेबलावर मांडलेले असत. समोर पुरवठादार आणि कंत्राटदार दाटीवाटीने बसलेले. ही एकेक लिफाफा सगळ्यांना दाखवून फोडायची, आतला दर मोठ्याने वाचायची आणि पानावर सही करायची. वाचताना तिची भुवई कधी हलली नाही, आवाज चढला नाही की पडला नाही. भुवई जरा वर गेली, की समोरचा म्हणणार, बाईंना आमचा दर खुपला. एक जुना कंत्राटदार म्हणायचा, “भिंतीला कान असतात हे ऐकून होतो. या भिंतीला डोळेही आहेत, चेहरा तेवढा बसवायचा राहिलाय.”

मी उभा जन्म रंगमंचावर काढला. राजा झालो, भिकारी झालो, एका प्रयोगात तर घाईघाईने एक अंक आधीच मेलो. माझ्या रक्ताची पोर अशी निर्विकार निघावी याचं मला नवल वाटे. पण समजावून सांगण्यात तिचा हात धरणारा कुणी नव्हता. नवे कारकून साहेबांकडे जायचे सोडून हिच्या टेबलाशी घुटमळत, आणि ही डबा खाता खाता त्यांना कराराची कलमं उलगडून सांगे. तिला शिकवायचंच होतं.

सरकारी प्रशिक्षण संस्थेत करार आणि खरेदी शिकवणाऱ्याची जागा निघाली. पदवी होती, अनुभव होता, लेखी परीक्षेत ती पहिली आली. अडलं ते पाठाला. निवड समितीसमोर वर्ग घेऊन दाखवावा लागतो. मागच्या खेपेला समितीने शेरा मारला होता, ‘ज्ञान उत्तम, पाठ निर्जीव.’ यापुढे वयाची अट आड येणार होती. म्हणजे हीच शेवटची संधी.

तिची आई, म्हणजे माझी ताई, मला म्हणाली, “घराण्यात एवढा मोठा नट, त्याचा कधी कुणाला उपयोग झालाय का?”

झालं, भाचीच्या घरी बाहेरच्या खोलीत तालमी सुरू झाल्या. खुर्च्या भिंतीला लावल्या, मटार सोलत बसलेल्या ताईला विद्यार्थी केलं. मी शिकवलं, शेवटच्या रांगेकडे बघ, वाक्याआधी थांब, हात मोकळे सोड. तिने हात सोडले ते चौकातल्या वाहतूक पोलिसासारखे. आवाज चढवायला लावला तेव्हा भांडण लागलं असं समजून जावईबापू दाढीचा साबण तसाच ठेवून धावत आले. ताई तर हसून हसून मटार सांडायला लागली.

शेवटी भाची खुर्चीत बसली. “मामा, हे मला जमायचं नाही. आणि जमलं, तर मी माझ्या कामाला नालायक होईन. चेहरा न हलवता दर वाचणं मी किती मेहनतीने शिकलेय ते तुला माहीत नाही.”

मी नटाच्या जातीचा. मेहनत म्हटलं की माझे कान टवकारतात. विचारलं, “हे शिकवतात कुठे?”

“कुठेच नाही. नियमात लिहिलंय, दर मोठ्याने वाचावा. कसा, ते कुणी लिहिलेलं नाही.”

“मग तेच शिकव की.”

ती उठून कपाटातले कोरे लिफाफे काढायला गेली.

पाठाच्या दिवशी मी संस्थेच्या व्हरांड्यात बाकावर बसलो होतो. दार उघडंच होतं. तिने फळ्यावर काही लिहिलं नाही. समितीच्या अध्यक्षांना, एका निवृत्त इंजिनिअरना, टेबलामागे उभं केलं, हातात लिफाफा दिला आणि सांगितलं, “समोर पुरवठादार बसलेत, साहेब. त्यात एक तुमचा साडू आहे असं समजा. वाचा.”

साहेबांनी वाचलं, झाडू, नग एक, आणि दर हत्तीच्या किमतीचा. साहेबांना हसू फुटलं.

“तुम्ही हसलात,” ती शांतपणे म्हणाली. “हा माणूस उद्या तक्रार करेल की आधीच ठरलं होतं. तुमच्या मनात काही नसलं तरी त्याची तक्रार ऐकून घ्यावी लागेल.”

दुसरा लिफाफा साडूचा होता, दर अगदी वाजवी. साहेबांचा आवाज नकळत मऊ झाला. मग सदस्यही सरसावले, एकमेकांच्या चुका काढायला लागले, आणि त्या गडबडीत तिने त्यांना सगळं शिकवून टाकलं. लिफाफे बंद का, सगळ्यांसमक्ष का, एकाला दिलेली माहिती दुसऱ्यालाही का द्यायची. नंतर तेच लिफाफे तिने स्वतः वाचून दाखवले. वाचून झाल्यावर विचारलं, यातला कुठला मला पटला. कुणाला सांगता येईना.

समितीतल्या हिशेब खात्याच्या एक बाई तेवढ्या हात बांधून बसल्या होत्या. म्हणाल्या, “हा पाठ आहे की नाटक?”

मी बाकावरून अर्धा उठलो.

“पाठ आहे, मॅडम. नाटकात मनातलं चेहऱ्यावर आणायचं असतं, इथे आणायचं नसतं. हा एक लिफाफा उरलाय. वाचता?”

बाईंनी लिफाफा घेतला, आणि मला सांगायला आनंद वाटतो, उत्तम वाचला. खाली बसताना त्यांनी स्वतःच टाळी वाजवली.

भाचीची निवड झाली. पहिल्याच वर्गाला तिने मला बोलावलं आणि कंत्राटदाराची भूमिका दिली. कितीतरी वर्षांनी मी पुन्हा लोकांसमोर बसलो. माझा दर वाचला जात असताना मी कण्हलो, खोकलो, कपाळाला हात लावला, डोळ्यांत पाणी आणलं. वाचणारा नवा अधिकारी हळवा निघाला, त्याने माझ्याकडे कीव करून पाहिलं.

भाचीने हात वर केला. “थांबा. पुन्हा पहिल्यापासून. आणि कंत्राटदार, तुम्ही आणखी जरा रडा.”