खालचा अर्धा पडदा

मित्राच्या घरी आम्ही खेळायचो तेव्हा टीव्हीचा पडदा मधोमध आडवा कापलेला असायचा. वरचा अर्धा त्याचा, खालचा अर्धा माझा. असं आम्ही ठरवलं नव्हतं. पहिल्या दिवशी त्याने एक कंट्रोलर स्वतः घेतला, दुसरा माझ्या हातात दिला आणि दुसऱ्या कंट्रोलरच्या वाट्याला खालचा भाग येतो, एवढंच.

गेम झोंबींचा होता. झोंबी म्हणजे मेलेली, तरी चालणारी माणसं. शहर ओस पडलेलं, जिवंत फक्त आम्ही दोघं, आणि एका सुरक्षित खोलीतून निघून पुढच्या सुरक्षित खोलीपर्यंत पोचायचं. बंदुका असतात, पण गोळ्या पुरत नाहीत. सगळ्यात महत्त्वाचा नियम असा की, मार खाऊन पडलात तर आपले आपण उठू शकत नाही. जोडीदाराने जवळ येऊन एक बटण पाच सेकंद दाबून धरायचं, तेव्हा आपण उठतो. त्या पाच सेकंदांत त्याला गोळी झाडता येत नाही. मध्येच बटण सुटलं तर पुन्हा पहिल्यापासून.

मी सारखा पडायचो. एक तर मला खेळता येत नव्हतं. आमच्या घरी असलं काही कधी आलंच नव्हतं. दुसरं म्हणजे माझ्या कंट्रोलरची डाव्या अंगठ्याखालची दांडी बिघडलेली होती. हात सोडला की माझा माणूस आपोआप डावीकडे चालू लागायचा. डावीकडे खड्डा असो, झोंबी असोत, तो जायचा.

"डावीकडं कया चाललास रं? कोन हाय तिकडं तुजा?" मित्र ओरडायचा.

आणि मी पडलो की गप्प राहायचो. ओरडून मदत मागावी हे मला सुचायचंच नाही. पण खालचा भाग लाल झालेला त्याला वरच्या भागात खेळतानाही दिसायचा. तो शिव्या देत यायचा, बटण दाबून धरायचा आणि त्या पाच सेकंदांत काहीतरी विचारायचा. जेवलास का? अकाउंट्सची वही आणलीस का? त्याची ती सवयच होती. हात अडकलेला असायचा, तोंड मोकळं असायचं.

"पडलास तं बोलाचा," उठवून झालं की तो म्हणायचा. "मी न्हाय बगितला तं?"

पण तो बघायचाच. म्हणून मी बोलायला शिकलो नाही.

आम्ही भाईंदरच्या ज्युनिअर कॉलेजात अकरावी कॉमर्सला एका बाकावर आलो. मी मीरा रोडचा, आईवडील रत्नागिरीकडचे, वडील स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करायच्या कारखान्यात. आमच्यात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. तो भाईंदर पश्चिमेच्या मुर्धा गावचा. त्याच्या आजोबांनी मिठागरात काम केलेलं, वडिलांचा टेम्पो. पहिल्याच दिवशी त्याने मला विचारलं होतं, "मीरा रोडचा ना? मंग घरी हिंदीत भांडता का मराठीत?" मी म्हटलं, घरी मराठीत, खाली दुकानात हिंदीत. तो म्हणाला, "आमी दोनी ठिकानी आगरीत. समोरचा घाबरतो."

लेक्चर दुपारी संपायची. मग बसने त्याच्या घरी. खोलीच्या खिडकीतून जुन्या मिठागराची जागा दिसायची, तिच्यात भरणीच्या मातीचे ढीग आणि पलीकडे नव्या इमारती. आत आम्ही दोघं चटईवर, पाठ पलंगाला लावून. त्याची आई दारात येऊन उभी राहायची.

"कोनाला मारताव रं?"

"मेलेली माणसं आहेत, काकू," मी सांगायचो.

"मेलेल्यांना परत कया मारताव? तुमाला दुसरा काम न्हाय?" असं म्हणून ती दोघांच्या मध्ये भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी ठेवून जायची. आम्ही डाव्या हाताने खेळ थांबवून उजव्या हाताने खायचो. कंट्रोलरच्या बटणांना चटणीचा वास लागायचा.

दीड वर्ष असं गेलं. बारावीच्या परीक्षेच्या आधी त्याने तो बिघडलेला कंट्रोलर माझ्या दप्तरात टाकला. "तुमच्या मीरा रोडला सगला रिपेर होतो. परीक्षा झाली की घेऊन ये."

मी तो स्टेशनजवळच्या मोबाइलच्या दुकानात दिला. दोन दिवसांनी दुकानदाराने परत केला. "पार्ट नहीं आता इसका. ऐसे ही चला लो." तो मी घरी आणून ड्रॉवरमध्ये ठेवला. मित्राला सांगितलं नाही. म्हटलं, निकालानंतर जाऊच.

निकाल मी वडिलांच्या मोबाइलवर पाहिला. पहिला वर्ग. वडील कामावर होते, आईने देवापुढे साखर ठेवली. मग मी मित्राचा निकाल काढला. त्याचा बैठक क्रमांक मला पाठ होता, आणि निकालासाठी आईचं नाव टाकावं लागतं, तेही माहीत होतं. तो दोन विषयांत नापास होता.

थोड्या वेळाने त्याचा मेसेज आला. "किती?"

मी टक्के लिहिले. त्याने लिहिलं, "भारी." पुढे अंगठा. स्वतःचं काही लिहिलं नाही.

मला सगळं ठाऊक होतं आणि मला ठाऊक आहे हे त्याला माहीत नव्हतं. मी वाट पाहत बसलो, तो सांगेल म्हणून. आपण विचारलं तर त्याला वाईट वाटेल, असं मी स्वतःला समजावलं. खरं म्हणजे माझ्याच मनात काहीतरी अवघडलं होतं. पहिला वर्ग घेऊन त्या चटईवर कसं बसायचं, ते मला कळत नव्हतं. संध्याकाळी मी त्याला एकच ओळ पाठवली, "कंट्रोलर दुरुस्त झाला की येतो."

त्याने लिहिलं, "चालेल."

दुरुस्त होणार नव्हता, हे मला तेव्हाच माहीत होतं.

मी पदवीला गेलो. तिथे माझ्या बाकावर दुसरी मुलं होती, चांगली होती. महिने गेले. सणाला आमचे मेसेज व्हायचे. मी मोबाइलवर तसलाच झोंबींचा गेम घेतला. त्यात चौघं लागतात, तीन अनोळखी कुठून कुठून जोडले जातात. माइक मी बंदच ठेवायचो. आमचं घर एका खोलीचं, आई शेजारीच भाजी निवडत असते. मी पडायचो तेव्हा कानात हिंदी ऐकू यायचं, "एक बंदा कम है. छोड़ ना, चल आगे." ते पुढे जायचे. त्यांची चूक नव्हती. त्यांना माझा पडदा दिसत नव्हता. माझ्या मोबाइलचा पूर्ण पडदा माझा एकट्याचा होता, आणि मला तो कधीच नीट वापरता आला नाही. माझी नजर सारखी वरच्या भागात जायची, तिथे तो काय करतोय ते बघायला.

पहिल्या वर्षाच्या शेवटी मला केटी लागली, दोन विषयांत. केटी म्हणजे नापास, पण पुढच्या वर्गात बसता येतं. त्या विषयांची परीक्षा नंतर पुन्हा द्यायची. पुस्तकं सगळी इंग्रजीत होती, मी पाठ करून लिहिलं होतं, आणि ते पुरलं नाही. घरी वडिलांनी विचारलं, "पास ना?" मी दुसऱ्या वर्षाचं ओळखपत्र दाखवलं. त्यांनी ते दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी कारखान्यात दाखवायला घेऊन गेले. मार्कशीट कशी वाचायची हे आमच्याकडे कोणालाच माहीत नाही. त्यामुळे मला खोटं बोलावंसुद्धा लागलं नाही. नुसतं गप्प राहिलो तरी भागलं.

त्या दिवसांत मला त्याची फार आठवण यायची. माझं काय झालंय ते न सांगता ज्याला दिसलं असतं असा तो एकच होता, असं वाटायचं. पण बस पकडून मुर्ध्याला जाण्याऐवजी मी ड्रॉवर उघडून कंट्रोलर पाहायचो आणि पुन्हा बंद करायचो.

मग एकदा भाईंदरच्या बाजारात त्याची आई भेटली. हातात मासळीची पिशवी. तिने मला आपादमस्तक पाहिलं.

"तुमचा भांडन झाला काय रं?"

"नाही काकू."

"मंग?"

भांडण झालं असतं तर सांगता तरी आलं असतं.

"तारोडीला हाय तो, मामाकडं," ती म्हणाली. "मामाचा मंडपाचा धंदा हाय, तिकडं काम करतो. बारावी काडली त्यानी दुसऱ्या टायमाला. तुला न्हाय सांगला?"

नव्हतं सांगितलं. मीही विचारलं नव्हतं.

पुढच्या रविवारी मी कंट्रोलर पिशवीत घातला आणि भाईंदर पश्चिमेहून उत्तनची बस धरली. मुर्धा आलं तेव्हा सवयीने उठून उभा राहिलो. मग पुन्हा बसलो. कंडक्टर म्हणाला, "उतरायचंय का नाही, नक्की करा." बस राई, मोर्वा करत पुढे गेली आणि मी पिशवी मांडीवर घट्ट धरून ठेवली.

तारोडीला मंडपवाल्याचं घर कोणीही दाखवलं असतं. अंगणात बांबू आणि गुंडाळलेलं कापड रचलेलं होतं. दार उघडं होतं आणि आतून ओळखीचा आवाज येत होता, झोंबींच्या घोळक्याचा. मी उंबऱ्यात थांबलो. टीव्हीचा पडदा आडवा कापलेला. वर मित्र. खाली, त्याच्या शेजारी सतरंजीवर, गाऊनवर ओढणी घेतलेली एक बाई नवाकोरा कंट्रोलर हातात धरून धडाधड गोळ्या झाडत होती.

पिशवीतला कंट्रोलर एकदम जड वाटला. इथे कोणी त्याच्यावाचून अडलेलं नव्हतं.

मित्राने वळून पाहिलं. आडदांड झाला होता, दाढी आली होती. "आरे," एवढंच तो म्हणाला, आणि पडद्यावर त्याच्या माणसाला मागून झोंबीने धरलं.

"पुडं बग मेल्या!" बाई ओरडली, झोंबीला उडवलं, आणि मग माझ्याकडे पाहिलं. "हा कोन?"

"मामी, हा तो. मीरा रोडचा."

मामीने खेळ थांबवला. "पडतो आन बोलत न्हाय, तो?"

मी हसलो की काय केलं, आठवत नाही. म्हणजे त्याने माझ्याबद्दल सांगितलं होतं. इतक्या दिवसांत, या घरात, माझी गोष्ट निघाली होती.

"मामी लय डेंजर हाय," मित्र म्हणाला. "जेवन झाला का रोज बसते. माज्याहून भारी खेलते."

"बस तू," मामी उठत मला म्हणाली. "कालवन चुलीवर हाय माजा."

मी पिशवीतून कंट्रोलर काढला. मित्राने तो हातात घेऊन दांडी फिरवून पाहिली.

"झाला रिपेर?"

"नाही. पार्ट येत नाही म्हणाला दुकानदार."

"कवा म्हनला?"

"तेव्हाच. परीक्षेनंतर."

मामीचा नवा कंट्रोलर त्याने बाजूला सारला आणि माझाच टीव्हीला जोडला. आम्ही अर्धवट सोडलेला टप्पा कुठला, ते मला आठवत होतं, पूल ओलांडायचा तो. मी म्हटलं, तिथून लावूया का. तो म्हणाला, "त्यो तं मामीनं कवाच पार केला." मग त्याने अगदी पहिला टप्पा लावला.

मी आधीहून वाईट खेळलो. चौथ्या की पाचव्या मिनिटाला एका गल्लीत मला घेरलं आणि खालचा भाग लाल झाला. मी वाट पाहिली. वरच्या भागात मित्र शांतपणे एका दुकानात औषधाची पेटी शोधत होता. त्याला दिसलं नसेल असं होणारच नव्हतं. एकाच टीव्हीवर तर होतं.

"पडलोय," मी म्हटलं.

"काय?"

"पडलोय मी. गल्लीत. ये ना."

"हां, आता आला आवाज," तो म्हणाला. दुकानातून निघाला, वाटेत दोघांना उडवलं, माझ्याजवळ येऊन वाकला आणि बटण दाबून धरलं. पाच सेकंद. या वेळी त्याने काही विचारलं नाही. पडद्याकडे बघत नुसता बसला.

"मला केटी लागलीय," मी म्हटलं. "दोन विषयांत. घरी माहीत नाही."

त्याचा अंगठा बटणावर तसाच होता. पडद्यावर माझा माणूस उठून उभा राहिला, तरी त्याने लगेच हात काढला नाही.

"निकालाच्या दिवशी मी तुझा निकाल बघितला होता," मी म्हणालो. "तुझ्या मेसेजच्या आधी. मी यायला हवं होतं."

"हां," तो म्हणाला. "याला पायजे व्हता." मग म्हणाला, "मी तवा रोज खिडकीतून बसस्टॉपकडं बगत व्हतो. चार दिवस. मंग पाचव्या दिवशी मामाकडं आलो."

स्वयंपाकघरातून मामीने विचारलं, "पोरगा जेवल का?" मित्राने माझ्या वतीने "हां" सांगितलं.

"घरी सांग," तो म्हणाला. "बाबाला कलनार न्हाय, तरी सांग. मी बी सांगला तवा आमच्या बाबानी टेम्पोच पुसला दोन तास. पन सांगला." मग एकदम ओरडला, "आरं डावीकडं! डावीकडं चाललास तू!"

मी खाली पाहिलं. बोलण्याच्या नादात माझा अंगठा सुटला होता आणि माझा माणूस त्याचा त्याचा चालत गल्लीच्या टोकाला पोचला होता. तिथे अंधारात झोंबींचा अख्खा घोळका उभा होता.

"पडणार आता," मी म्हटलं.

"मंग आदीच बोल," तो म्हणाला, आणि वरच्या भागात त्याचा माणूस माझ्या दिशेने धावत सुटला.